काच, नग एक

माझी थोरली बहीण वैजयंती निवडणूक कार्यालयात काच म्हणून नोकरीला आहे. सरळ सेवा भरतीतून लागली. एका जागेला चारशे बारा अर्ज होते. लेखी परीक्षेत ती सातवी आली होती, पण स्थिर उभं राहण्याच्या चाचणीला साठ गुण होते आणि त्यात ती पहिली आली. पहिलं वर्ष ती चौकशीच्या खिडकीला होती. गेल्या वर्षी तिला मतपेट्यांच्या खोलीच्या दर्शनी बाजूला लावलं. ही बढती समजली जाते.

काम तसं अवघड नाही. रुजू होताना जिल्ह्याला नेऊन अंगात द्रव स्फटिकाचे थेंब भरतात. केसाहून बारीक, आणि कुणी मोजायला जाणार नाही इतके. मग चौकटीत पाठ टेकून उभं राहायचं. ताई उभी राहिली की हळूहळू चारही कोपऱ्यांपर्यंत पसरते. शेजारी भिंतीवर बटण असतं. बटण बंद असताना प्रत्येक थेंबाचं तोंड वेगळीकडे असतं. प्रकाश एका थेंबातून दुसऱ्यात जाताना दर वेळी थोडा वळतो आणि असा हजार वेळा वळून पलीकडे निघतो. तो अडत नाही, पोचतो. पण कुठून निघालो होतो हे त्याला सांगता येत नाही. म्हणून ताई तेव्हा दुधी दिसते आणि तिच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. बटण चालू केलं की सगळे थेंब एकाच दिशेला तोंड करतात, प्रकाश सरळ निघून जातो, पलीकडचं सगळं स्वच्छ दिसतं आणि ताई दिसत नाही.

मी बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलं होतं, त्यामुळे घरात हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. आईने शेंगा सोलत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे काम चालू असताना ती नसते, आणि काम बंद झालं की असते?"

मी म्हटलं, साधारण तसंच.

चालू असताना ताईला बोलता येत नाही. बोलायला तोंडं वेगवेगळ्या दिशांना लागतात, असं ती म्हणते. तिला दिसतही नाही. "दिसायला थोडा तरी उजेड आत अडावा लागतो गं," ती एकदा जेवताना म्हणाली, "माझ्यात काहीच अडत नाही. ऐकू मात्र सगळं येतं. साहेबांचं पोट वाजलेलंसुद्धा." संध्याकाळी बटण बंद झालं की ती दुधी होते, दहा मिनिटांनी चौकटीतून सुटते आणि चालत घरी येते. वाटेत कुणी वळून बघत नाही. भाजीवाल्या मावशी एवढंच म्हणायच्या, "आज जास्त पांढऱ्या दिसताय, दमलात का?" घरी आल्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तिचा रंग पायांकडून वर परत येतो.

काच कर्मचाऱ्यांसाठीची एक सूचनापुस्तिका असते. ताईने ती उघडली नव्हती. मी दोनदा वाचली. पान चारवर लिहिलं होतं की सलग नव्वद तासांहून अधिक काळ वीजपुरवठा चालू राहिल्यास थेंब त्याच दिशेत बसतात आणि परत फिरत नाहीत. मध्ये किमान दहा मिनिटांचा खंड आवश्यक. मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. ताई हसली होती. "वेडाबाई, नव्वद तास कोण ठेवतंय? पावणेसहा झाले की गेनूमामा बटणावर बोट ठेवून घड्याळाकडे बघत उभे असतात."

ही गोष्ट खरेदी-विक्री संघाच्या निवडणुकीची आहे. तीन पॅनेल उभी होती: कपबशी, शिट्टी आणि छत्री. रविवारी दोन वाजता मतदान संपलं, पेट्या आल्या, खोलीत ओळीने मांडल्या. चार वाजून वीस मिनिटांनी बटण चालू झालं आणि तिन्ही पॅनेलच्या प्रतिनिधींनी बाहेरून, म्हणजे ताईतून, पेट्या मोजून घेतल्या. मग सील करायची वेळ आली.

सील करणं हे गेनूमामांचं काम. ते कार्यालयातले सर्वांत जुने शिपाई. सव्वीस वर्षं लाख वितळवतायत. त्यांनी सील केलेलं आजवर कधी आपोआप सुटलेलं नाही. आदेशात लिहिलं होतं: खोली व तिला संलग्न सर्व वस्तू आहेत त्या स्थितीत सीलबंद कराव्यात. मामांनी आदेश मान खाली घालून ऐकला आणि क्रमाने सुरुवात केली. दाराला दोन कुलपं, त्यांवर सुतळी, लाख. मागची खिडकी, सुतळी, लाख. मग भिंतीवरचं बटण. बटण खोलीला संलग्न होतं आणि त्या क्षणी चालू होतं. मामांनी त्यावर आडवी सुतळी बांधली, लाख ओतली, वर कागदाची पट्टी लावली, आणि तिन्ही प्रतिनिधींनी पट्टीवर सह्या केल्या. पाच वाजत आले होते. पंचनाम्यात नोंद झाली: कुलूप नग दोन, खिडकी नग एक, विजेचे बटण नग एक (चालू), काच नग एक (स्वच्छ).

यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होती. ताईला वाटलं असेल, पण ती चालू होती.

सहा वाजता मतदारयादीच्या वादावरून मोजणीला स्थगिती आली. सुनावणीची तारीख सतरा दिवसांनंतरची होती. मोजणी अठराव्या दिवशी.

घरी मामांचा फोन आला. "वैजूताई आज यायच्या नाहीत," ते म्हणाले. "सील झाल्यात."

सोमवारी सकाळी मी डबा घेऊन गेले. डबा कशाला नेला ते मला सांगता येणार नाही. कार्यालयासमोर मांडव घातला होता. पेट्यांवर अष्टौप्रहर नजर ठेवायची म्हणून प्रतिनिधी काचेसमोर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते. कपबशीचे नाईकवाडी, इस्त्रीचा सदरा, बोलणं गोड. शिट्टीचे ढमाले, पायातले जोडे काढून मांडी घातलेली. आणि छत्रीच्या काकू, म्हणजे छत्री पॅनेलच्या प्रमुखांच्या पत्नी, मांडीवर क्रोशाचं विणकाम. तिघंही समोर बघत होते. समोर ताई होती, म्हणजे पेट्या होत्या.

सरळ उभं राहिलं तर पेट्यांशिवाय काही दिसत नव्हतं. पण मला प्रात्यक्षिकात केलेलं आठवलं. थेंब सरळ बघणाऱ्यासाठी ओळीत उभे असतात. तिरपं बघणाऱ्याला ते थोडे चुकलेले दिसतात. मी भिंतीला गाल लावून कडेने पाहिलं. काचेत हलकं धुकं होतं, थंडीत श्वास सोडल्यासारखं. तीच माझी ताई. मी तशीच उभी राहून तिला सांगितलं की डबा आणलाय, मेथी आहे.

"ओ बाई," ढमाले म्हणाले, "भिंतीला काय चिकटलाय? खुणा करताय का आत कुणाला?"

मी एवढी दचकले की डबा हातातून पडला.

"आत कोण असणार ढमाले?" काकू सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "बहीण आहे तिची. काचेची."

मी डबा उचलून साहेबांकडे गेले. खडतरे साहेब निवडणूक निर्णय अधिकारी आहेत. सभ्य माणूस. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, पुस्तिकेचं पान चार दोनदा वाचलं आणि रेघेवर बोट फिरवलं.

"ही रेघ छापील आहे?"

"नाही सर, मी मारलीय."

"हं." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे गुरुवारी सकाळी दहा वीस."

"हो सर. बटण फक्त दहा मिनिटं बंद केलं तरी चालेल. बटण तर बाहेरच आहे. दार उघडायची गरजच नाही."

"बटण बाहेर आहे, पण सील आहे. सील मला एकट्याला तोडता येत नाही. तिन्ही पॅनेलची लेखी संमती पाहिजे. अर्ज करा. मी लगेच पुढे पाठवतो." त्यांनी आवाज खाली आणला. "मलाही वाईट वाटतं हो. वैजयंतीबाईंसारखी काच मी नोकरीत पाहिली नाही. एक डाग नाही कधी."

मी तिथेच बसून अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि मांडवात आले.

नाईकवाडींनी अर्ज वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. "आमचा विरोध नाही. माणुसकी आहे. पण शिट्टीवाले हो म्हणाले तर आम्हाला विचार करावा लागेल."

"का?"

"ते हो का म्हणाले, याचा."

ढमाल्यांनी अर्ज वाचलाच नाही. "दहा मिनिटं काच पांढरी. म्हणजे दहा मिनिटं पेट्या कुणालाच दिसणार नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"दहा मिनिटांत काय काय होतं माहितीय? माझा चुलता गेल्या वेळी दहा मिनिटांत पडला. निवडून आलेला माणूस! चहा प्यायला गेला, येतो तर पडलेला."

"पण दार बंदच राहणार आहे. कुलपं, लाख…"

"लाखेवर विश्वास असता तर काच कशाला लावली असती सरकारने?" हे त्यांनी खरोखरच विचारलं.

काकूंनी माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. "मी सही करीन गं. पण यांना विचारावं लागेल, आणि हे सहीला बसले की आधी दोघांच्या सह्या बघतात. तू त्या दोघांच्या घेऊन ये. काही खाल्लंस का?"

मी त्यांना मेथीचा डबा दिला. त्यांनी तो उघडून तिघांत वाटला.

आमच्याकडे मंगळवारी अकरा ते दोन वीज नसते. सबंध तालुक्याला हे पाठ आहे. मी रात्रभर त्याच आशेवर होते. तीन तास म्हणजे दहा मिनिटांच्या अठरा पट. पण सकाळी पोचले तर मांडवाच्या कडेला जनरेटर आणून ठेवलेला. प्रतिनिधींनाही वेळापत्रक पाठ होतं.

बरोबर अकराला वीज गेली. गेनूमामांनी जनरेटरची दोरी ओढली. तो पहिल्या ओढीला लागला नाही.

ताई एकदम पांढरी झाली. भिंतीएवढी, लख्ख, चुना लावल्यासारखी. मांडवातला सगळा उजेड तिच्यावर पडून इकडेतिकडे उधळला आणि ढमाल्यांचं तोंडसुद्धा उजळलं. फक्त खाली, डाव्या कोपऱ्यात, हातभर तुकडा स्वच्छच राहिला होता. त्यातून एका पेटीचा तळ दिसत होता.

"कोण आहे?" ताईचा आवाज आला. तो काचेच्या सगळ्या भागांतून येत होता.

"मी. मैथिली."

"किती दिवस झाले गं?"

"दोन."

"दोनच?" ती थांबली. मामांनी दुसऱ्यांदा दोरी ओढली. "मैथू, मला डावा पाय सापडत नाहीये."

"सापडेल. मी अर्ज केलाय. तीन प्रतींत."

"आईला सांगू नकोस. आणि ऐक, माझं ते—"

जनरेटर लागला. पेट्या दिसू लागल्या.

"चाळीस सेकंद!" ढमाले उठून उभे राहिले होते. "लिहून घ्या. चाळीस सेकंद पेट्या अदृश्य. काय बोलली ती काच? काय निरोप दिला?"

"पाय सापडत नाही म्हणाली," काकू म्हणाल्या.

"कोणाचा पाय? कुठला पाय? सांकेतिक आहे हे."

"तरी एक पेटी दिसत होती," नाईकवाडी शांतपणे म्हणाले. "खालच्या कोपऱ्यातून. मी नजर हटवली नाही. त्या पेटीपुरती आमची हरकत नाही." तिघांनी हरकतीचा मसुदा केला, त्यात त्या एका पेटीला वगळलं, आणि साहेबांकडे दिला. साहेबांनी दुपारपर्यंत बॅटरी बसवून घेतली. आता वीज गेली तरी ताईला कळणार नव्हतं. मी विचारलं की चाळीस सेकंदांनी नव्वद तास पुन्हा पहिल्यापासून मोजता येतील का. साहेबांनी पान चार काढून दाखवलं. किमान दहा मिनिटं.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, ताई काय म्हणाली. मी म्हटलं, तुझी आठवण काढली.  आई म्हणाली, "एवढंच बोलायची ती नव्हे."

बुधवारी साहेबांनी बैठक बोलावली. ते मला म्हणाले, तुम्हीही बसा, तांत्रिक बाजू आहे. त्यांनी जिल्ह्याशी बोलून एक मार्ग काढला होता. जिल्ह्यात एक राखीव काच असते, श्री. अंबादास वाकोडे, अनुभवी, सेवानिवृत्तीला आलेले. त्यांना गाडीने आणायचं. गुरुवारी सकाळी दहाला त्यांना ताईच्या पुढ्यात चौकटीसकट उभं करायचं आणि चालू करायचं. मग ताईचं बटण दहा मिनिटं बंद. त्यानंतर पुन्हा चालू, पुन्हा सील.

"प्रतिनिधींना एकही मिनिट पारदर्शक काचेविना राहावं लागणार नाही," साहेब म्हणाले. "नियमाची पूर्तता होते."

नाईकवाडी विचारात पडले. "काच पारदर्शक आहे असं प्रमाणपत्र मिळेल?"

"देतो."

"मग आमची काही अडचण नाही."

ढमाले खांदे उडवून म्हणाले, "पुढे काच आहे ना? चालू आहे ना? मग कुणी फसवायची भीती नाही. आणा पेन."

काकूंनी आपलं पेन काढून ठेवलं होतं. संमतीपत्र टेबलावर होतं, खाली तीन रेघा. नाईकवाडींनी पहिल्या रेघेवर सही करायला सुरुवात केली. 'ना' लिहून झाला होता.

कुणी समोर चुकीचं विधान केलं की मला राहवत नाही. कॉलेजातही असंच व्हायचं. वाटतं, हे नंतर उघडकीला येईल आणि सगळे माझ्याकडे बघतील की तुला माहीत होतं, तू बोलली का नाहीस.

"पण सर," मी म्हटलं, "पुढचे काका कितीही स्वच्छ असले तरी मागे ताई दुधी असेल ना. पेट्यांवरून येणारा प्रकाश आधी तिच्यातून येणार. तो तिथेच विखुरणार. एकदा विखुरलेला प्रकाश पुढच्या काचेतून सरळ होत नाही. त्यांना पांढरंच दिसेल."

 

नाईकवाडींनी 'ना'वर आडवी रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं. "बरं झालं सांगितलंत."

"शिकलेली पोरगी आहे," ढमाले आदराने म्हणाले. "नाहीतर आज गंडलो होतो आपण."

साहेब माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. त्यांनी संमतीपत्र फाइलमध्ये लावलं आणि वाकोड्यांची गाडी रद्द करायला सांगितलं. मी बोलले नसते तर प्रतिनिधींना फसवलं गेल्याचं बटण बंद झाल्यावर कळलं असतं. आरडाओरडा झाला असता. पण आरडाओरड्याला दहा मिनिटं सहज लागली असती. हे मला घरी जाताना पुलावर सुचलं. मी सांगितलं ते मात्र बरोबर होतं. परीक्षेत त्याला पाच गुण मिळाले असते.

गुरुवारी आई माझ्याबरोबर आली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. आम्ही नऊला पोचलो. आई काचेसमोर उभी राहून पेट्या बघत राहिली. मग म्हणाली, "इथून ती दिसते म्हणालीस ना?" मी तिला भिंतीशी नेलं, गाल टेकवायला सांगितलं. तिला मोतीबिंदू आहे. तिला सगळीकडेच धुकं दिसतं.

"दिसली," ती म्हणाली.

मी फोनमध्ये दहा वीसचा गजर लावला होता, चुकू नये म्हणून. दहा वाजून गेले. प्रतिनिधी खुर्च्यांवर होते. कुणी वर्तमानपत्र वाचत नव्हतं, काकूंची सुई थांबली होती. आज काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बटण माझ्या खांद्याच्या उंचीवर होतं. लाख गार होऊन चकाकत होती. सुतळी एवढी जुनी दिसत होती की नखाने तुटली असती.

"मैथू," आई म्हणाली, "दाब ते."

मी हात वर केला. बोट लाखेवर टेकलं.

"बाई, हात काढा," ढमाले म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "चित्रीकरण चालू आहे. सील तुटलं तर मतदान रद्द. साडेअकरा हजार लोक पुन्हा रांगेत उभे राहतील. तुमची बहीण नोकरीतून जाईल, तुम्ही आत जाल. मला तुमच्याशी वैर नाही."

"दाब," आई म्हणाली.

छत्रीच्या काकूंनी मान दुसरीकडे फिरवली. मला वाटतं, त्यांनी ती मुद्दाम फिरवली, न बघण्यासाठी. नाईकवाडीही चष्मा पुसायला लागले. फक्त ढमाले बघत होते, आणि त्यांचं अंतर दहा पावलांचं होतं, आणि ते मांडी घालून बसले होते. मी हे सगळं पाहिलं आणि मला समजलं की वेळ आहे. मी बोटाने जोर दिला. लाखेला एक बारीक तडा गेला. त्याचा आवाज मी ऐकला.

मग माझ्या हातातला फोन वाजला.

मी दचकले. दोन्ही हात छातीशी घेतले. फोन खाली पडून वाजत राहिला. मामांनी तो उचलून बंद करून माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "गजर हाय पोरी. दहा वीसचा."

त्यानंतर दाबून काही उपयोग नव्हता. ढमाल्यांनी लाखेवरचा तडा तपासला, तो पृष्ठभागावरचा आहे असा शेरा लिहून घेतला आणि सही केली. आई खुर्चीवर बसली. काकूंनी तिला चहा दिला. ती प्यायली.

पुढचे दिवस मी रोज जात राहिले. मांडवात माझ्यासाठी चौथी खुर्ची ठेवली होती. मी ताईला पेपर वाचून दाखवायचे, हवामानापासून निधनवार्तांपर्यंत. ढमाले म्हणायचे, जरा मोठ्याने वाचा, बाजारभाव ऐकू येत नाहीत. कडेने पाहिलं की धुकं असायचं. सातव्या दिवसापासून ते कमी होऊ लागलं. अकराव्या दिवशी मी बराच वेळ भिंतीला गाल लावून उभी राहिले आणि मग येऊन खुर्चीवर बसले. त्या दिवशी निधनवार्ता वाचल्या नाहीत.

अठराव्या दिवशी आठ वाजता, आई आणि मी समोर असताना, सील तोडलं. मामांनी सुतळी कापली, लाखेचे तुकडे पंचनाम्यासाठी कागदात बांधले आणि माझ्याकडे बघून बटण बंद केलं.

पेट्या दिसत राहिल्या.

साहेब पुढे आले. त्यांनी बटण चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग काचेवर बोटाने टकटक केली, दारावर करतात तशी, आणि म्हणाले, "वैजयंतीबाई?"  नंतर त्यांनी सेवापुस्तक मागवून नोंद केली: कर्मचारी दोन्ही स्थितींत पारदर्शक, बटणाची आवश्यकता उरली नाही, बटण काढून जिल्ह्यास परत करावे.

"तिला घरी कधी नेऊ?" आईने विचारलं.

"चौकटीतून सुटायला आधी दुधी व्हावं लागतं, आई," मी म्हटलं.

"रजा टाकली तर? तिच्या शिल्लक आहेत."

"रजाही दुधी स्थितीतच मंजूर होते," साहेब म्हणाले. त्यांनी नियमाचं पान उघडून आईला दाखवलं, आणि तिला दिसत नाही हे लक्षात आल्यावर वाचून दाखवलं.

मोजणी दीडपर्यंत चालली. छत्री सतरा मतांनी निवडून आली. बाहेर हलगी वाजायला लागली, लोक मांडवात घुसले आणि गुलालाची पोती फुटली. हवा एवढी लाल झाली की खुर्च्या दिसेनात. काकूंना कुणीतरी उचलून घेतलं होतं. ढमाले आणि नाईकवाडी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून कडेने निघून गेले. कुणीतरी ओंजळभर गुलाल काचेवर फेकला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच.

गर्दी मिरवणुकीबरोबर गेल्यावर मी वळून पाहिलं. काच गुळगुळीत असते, तिच्यावरचा बहुतेक गुलाल घसरून खाली पडला होता. पण काही ठिकाणी तो अडकून राहिला होता. ताई चौकटीत पूर्ण सपाट होत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. एक नाक होतं. खाली हनुवटी. दोन भुवयांच्या उंचवट्यांच्या कडा. दहा बोटांची पेरं, दोन्ही बाजूंना, तळवे बाहेरच्या बाजूला टेकवलेले. दोन गुडघे. डोळे मिटलेले होते की उघडे ते गुलालावरून सांगता येत नव्हतं.

आईने माझा दंड धरला. "आता दिसली," ती म्हणाली.

गेनूमामा बादली आणि फडकं घेऊन आले. साहेबांनी सांगितलं होतं, चार वाजता जिल्ह्याची माणसं तपासणीला येणार, काच स्वच्छ पाहिजे. मामांनी फडकं भिजवलं, पिळलं, पण लगेच लावलं नाही.

"मामा, नाक तरी राहू द्या," मी म्हटलं.

"सगळी पुसावी लागंल पोरी. शेरा येतो." ते खाली बसले आणि गुडघ्यांपासून सुरुवात केली. मग बोटं, एकेक करून, पेरांच्या खाचांतून फडक्याचं टोक फिरवत. बादलीतलं पाणी लाल झालं, ते दोनदा बदललं. हनुवटीपर्यंत आल्यावर ते थांबले. मामा बुटके आहेत. त्यांनी टाचा उंचावून पाहिल्या, स्टूल कुठे दिसतंय का बघितलं, आणि मग फडकं माझ्यापुढे धरलं.

वरचं मी पुसलं.